मालकीणबाई हसत नाहीत

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी खळ्याकडे उघडायची. खळं म्हणजे घरापुढचं शेणाने सारवलेलं अंगण. दिवस कलायला लागला की पाहुणे समुद्रावरून परत यायचे, नळाखाली पायांची वाळू धुवायचे आणि खळ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून गोल करून बसायचे. मग आमच्याबद्दल बोलणं सुरू व्हायचं. खिडकीच्या आत सासूबाई आणि मी चुलीजवळ असायचो. आपलं बोलणं आत ऐकू जात असेल, हे बाहेरच्यांच्या कधी मनातही यायचं नाही.

आमचं हॉटेल म्हणजे माडांच्या बागेत बांधलेल्या पाच खोल्या. तारकर्लीहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर. सासऱ्यांचा रापणीत वाटा होता. पुढे किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याला मासळी लागेनाशी झाली आणि त्याच सुमारास पर्यटक यायला लागले. तारकर्लीच्या मोठ्या पर्यटक निवासात जागा मिळाली नाही की लोक पुढे विचारत विचारत यायचे. त्यांना कमी भाड्यात झोपायला जागा आणि ताजी मासळी हवी असायची. सुरुवातीला आम्ही घरातली पुढची खोली द्यायचो. मग सासऱ्यांनी आपला वाटा सोडला, होडी तेवढी ठेवली आणि खोल्या बांधल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतींचा गिलावा ओला होता.

माझं माहेरही समुद्रावरचंच, आचऱ्याच्या बाजूचं. बाबा होडी घेऊन जायचे, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. त्यामुळे मासे, माशांचा वास, घरातल्या बायकांचा मोठा आवाज, यातलं मला काहीच नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की रोज कुणीतरी अनोळखी माणूस येऊन आपलं घर कसं आहे ते आपल्यासमोर सांगायचं. सांगलीच्या माणसाला गादी पातळ वाटायची आणि मुंबईच्या माणसाला तीच गादी पाठीला बरी वाटायची. कुणी म्हणायचं, इथे बीचवर भेळेची गाडीसुद्धा नाही. शेजारचा म्हणायचा, अहो म्हणून तर आलोय. आंघोळीचं पाणी मचूळ आहे, साबणाला फेस येत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत असायचं. शेवटी कुणीतरी म्हणायचं, पण या भाड्यात याहून काय पाहिजे, आणि बाकीचे माना डोलवायचे. पहिल्या वर्षी मला हे ऐकायला मजा वाटायची. मी सासूबाईंकडे बघून हसायचे. त्या हसायच्या नाहीत, पण कान तिकडेच असायचे.

मी ज्याबद्दल सांगते आहे ते दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं.

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी गेले होते. दिवाळी तोंडावर आली होती. घरात पोहे कुटून झाले होते आणि आई मला कशालाच हात लावू देत नव्हती. एके सकाळी मला जाणवलं की पोटात काही हलत नाही. आईला सांगितलं. आईने पोटावर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून बाबांना रिक्षा आणायला पाठवलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. कुणाचं काही चुकलं नाही, असं कधीकधी होतं, असं त्या म्हणाल्या. त्या खरं सांगत होत्या असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मूल जन्माला घालावं तर लागलंच. नर्सने ते मला दाखवलं. डोक्यावर भरपूर केस होते, ओले, कपाळाला चिकटलेले. मग तिने ते कपड्यात गुंडाळून बाहेर नेलं. नवरा आणि बाबा त्याला कुठेतरी पुरून आले. कुठे ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी रडले नाही, हे मला लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच झालं. आई रडायची, शेजारणी येऊन रडायच्या. मी त्यांच्याकडे बघत बसायचे आणि यांचा चहा करायला हवा असं मनात यायचं. छातीत दूध दाटून यायचं. आईने कपडा घट्ट बांधला, कोबीची पानं ठेवली, आणि हळूहळू तेही थांबलं. मला कुठे दुखत नव्हतं असं नाही. पण ते दुखणं शेजारच्या खोलीत कुणाला तरी होत असावं तसं कळायचं.

नाताळच्या आधी नवरा मला न्यायला आला. सगळ्या खोल्या भरणार होत्या आणि सासूबाईंना एकटीला झेपणार नव्हतं. आई त्याच्याशी दोन शब्द वाईट बोलली. मीच तिला म्हटलं, जाते मी, इथे बसून तरी काय करू.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला आत घेतलं आणि सांगितलं, नारळ खवायचे आहेत. मी खोवणी घेऊन बसले. त्या दिवसापासून मी कामाला लागले आणि कामात माझी काही चूक होत नव्हती. पहाटे चूल, मग घावन, उसळ, चहा, मग खोल्या झाडणं, चादरी, मग दुपारचं जेवण. हात आपोआप चालायचे.

एकच गोष्ट बिघडली होती. मला चव कळेनाशी झाली होती. तिखट तिखट लागायचं, गरम गरम लागायचं, पण मीठ आहे की नाही ते जिभेला समजायचं नाही. कालवण उकळलं की मी चमचाभर तळहातावर घेऊन चाटायचे आणि काहीच कळायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस मी अंदाजाने घातलं. एकदा बांगड्याचं तिखलं इतकं खारट झालं, की पाहुण्यांनी नुसत्या भातावर ताक मागितलं. त्यानंतर सासूबाई मी वळले की टोपात पळी घालायच्या, चाटायच्या आणि लागलं तर मीठ टाकायच्या, नाहीतर नारळाचा रस वाढवायच्या.

"मीठ घातलंस?" त्या विचारायच्या.

"घातलंय, आई."

"बरां," एवढंच म्हणायच्या. मला चव कळत नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनीही मला ते कळलंय असं दाखवलं नाही.

नवरा वेगळ्या तऱ्हेने वागत होता. तो फार बोलायला लागला होता. पाहुण्यांना होडीतून संगमावर नेताना, डॉल्फिन दाखवताना, परत आल्यावर खळ्यात, सारखा बोलत असायचा, गमती सांगायचा, हसवायचा. आधी तो असा नव्हता. खोलीत आलो की मात्र तो भिंतीकडे तोंड करून निजायचा.

एका दुपारी मी ताटं धूत होते तेव्हा तो मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "गो, वाढताना जरा हसत जा. लोकां पुण्या-मुंबयसून येतत, तेंका बरां वाटूक व्हया."

मी बरं म्हटलं. मला त्याचा राग आला नाही. संध्याकाळी मी वाढायला गेले आणि हसून पाहिलं. काय झालं कोण जाणे, पण समोरच्या माणसाने वाटी पुढे करता करता हात मागे घेतला आणि विचारलं, "काय झालं, वहिनी?" त्यानंतर मी तो प्रयत्न सोडून दिला.

त्या आठवड्यात तीन खोल्यांतून जी माणसं होती ती मला अजून आठवतात. सांगलीचं एक जोडपं होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू उंच, चष्मेवाल्या, बोलायला मोकळ्या. पुण्याचं एक तरुण जोडपं होतं, त्यांच्याबरोबर चार महिन्यांची मुलगी. आणि कोल्हापूरचे दोघे मित्र होते, ते दिवसभर पाण्यातच असायचे. पुण्याच्या बाईला बाळाच्या बाटलीसाठी उकळलेलं पाणी लागायचं. सकाळ-दुपार ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायची, "ताई, थोडं पाणी द्याल?" बाळ तिच्या खांद्यावर असायचं. मी पाणी द्यायचे. बाळाकडे बघायचे. ते माझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असायचं. मला वाटायचं, आता काहीतरी होईल, आपण रडू, किंवा पळून जाऊ. काही व्हायचं नाही. पाणी सांडू नये म्हणून मी बाटली दोन्ही हातांनी धरायचे.

एके संध्याकाळी सगळे खळ्यात बसले होते. जेवणं व्हायची होती. कोल्हापूरच्या मित्रांनी आधी गोव्यात कुठे राहिलो, तिथे काय मिळालं ते सांगितलं. मग काकांनी आमचं हॉटेल घेतलं. त्यांची पद्धत व्यवस्थित होती. खोल्या स्वच्छ, म्हणाले. संडास स्वच्छ, हे महत्त्वाचं. मासे ताजे. पाणी वाईट, पण त्याला हे लोक काय करणार. उशा दगडासारख्या. पुण्याचा नवरा म्हणाला की लाईट जाते तेव्हा पंखा बंद पडतो आणि बाळाला डास चावतात, पण मालक लगेच धूप आणून देतो, माणूस चांगला आहे. हो, मालक चांगलाच, सगळे म्हणाले. आजी कडक आहेत पण हात चांगला आहे.

मग काकू म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे हो, पण ती सून. आपण तिच्या घरी फुकट जेवायला आल्यासारखा चेहरा करते. मालकीणबाई हसत नाहीत, एवढं सोडलं तर मी कुणालाही इथे जा म्हणून सांगेन."

कुणीतरी हसलं. कोल्हापूरचा एक जण म्हणाला की काल तिने माझ्या ताटात सोलकढी भातावर ओतली, बघितलंसुद्धा नाही. परत सगळे हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सुट्टीवर आलेली माणसं हसतात तसंच ते होतं.

मी भाकरी थापत होते. भाकरी मोडली नाही, हात थांबला नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की काल खरंच सोलकढी भातावर ओतली असेल, आठवत नाही. सासूबाई विळीवर सुरमईचे तुकडे करत होत्या. त्यांनी हातातला तुकडा पुरा कापला, तो मीठ-हळदीच्या परातीत टाकला, हात धुतले, पदराला पुसले.

"तू भायर जाव नको. आज मी वाढतंय," म्हणाल्या.

आणि बाहेर गेल्या.

आम्ही घरात मालवणीच बोलतो. पाहुण्यांशी, बँकेत, तहसीलदार कचेरीत शुद्ध मराठी. सासूबाईंना ती भाषा यायची, पण त्या ती जपून वापरायच्या, ठेवणीतल्या लुगड्यासारखी. त्या संध्याकाळी खिडकीतून मला त्यांचा आवाज आला आणि आधी ओळखूच आला नाही.

"माझ्या सुनेचं बाळ गेलं," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी. पहिलंच होतं. ती आता हसणार नाही. जेवणात काही कमी-जास्त वाटलं तर ते मला सांगा. आता पानं घेऊ का?"

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि माणसं पानावर येऊन बसली. सासूबाईंनी वाढलं. त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं आणि ते मला आधीपेक्षा जड गेलं. मी खळ्यात आले की बोलणं थांबायचं. कोल्हापूरचे दोघे आपापली ताटं स्वतः उचलून नळावर नेऊ लागले. काका उगीचच म्हणायचे, वा, आजची उसळ फार छान. मला तिची चव माहीत नव्हती, पण मी मान हलवायचे.

पुण्याची बाई पाणी मागायला यायची थांबली. तिने माझ्या नवऱ्याला गाठून बाटली भरून घ्यायला सुरुवात केली. बाळाला ती खोलीच्या मागच्या बाजूला घेऊन बसायची, जिथून ते मला दिसू नये. मी रोज सवयीने तिच्यासाठी पातेल्यात पाणी उकळून ठेवायचे. ते तसंच निवायचं आणि मग मी ते माडाच्या मुळाशी ओतायचे. ती वाईट नव्हती. ती माझं मन जपत होती, आणि कदाचित आपल्या बाळालाही जपत होती. तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

काकू मात्र आत आल्या. सकाळी सगळे समुद्रावर गेले होते. मी खाली बसून कांदा चिरत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, मग खाली बसायचा प्रयत्न केला, गुडघे वाकेनात म्हणून पाट घेतला. मला माहीत नव्हतं गं, असं दोन-तीनदा म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांचा चष्मा काढायचा राहिला होता, त्यामुळे तो ओला झाला. मी उठून त्यांना पाणी दिलं. असू दे, म्हटलं. त्या अजून रडल्या. मी तांब्या धरून उभी होते आणि यांच्या रडण्याला किती वेळ लागेल, आमटी टाकायची आहे, असा विचार करत होते.

थोड्या वेळाने त्या शांत झाल्या. चष्मा पदराने पुसला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. माहेरी सगळ्यांना माहीत होतं. सासरी नवऱ्याला माहीत होतं, आणि त्याने घरात सांगितलं असणार. त्याबद्दल बोलताना सगळे 'ते' म्हणायचे. ते झालं, ते गेलं, त्याचा विचार करू नको.

"मुलगा," मी म्हटलं.

आमच्या भाषेत मुलाला झील म्हणतात. तो शब्द मला उच्चारता आला नसता. पण मुलगा हा शब्द मला म्हणता आला. तो शाळेतल्या पुस्तकातला शब्द होता, दुसऱ्या कुणाच्या मुलालाही चालण्यासारखा. काकूंनी मान हलवली. केस होते का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, पुष्कळ. पाटावरून उठून, माझ्या खांद्यावर हात टेकून, त्या बाहेर गेल्या. मी आमटी टाकली.

ते लोक दोन दिवसांनी गेले. निघताना पुण्याच्या बाईने गाडीच्या खिडकीतून हात केला. काकूंनी मला एक खण दिला आणि सासूबाईंना नमस्कार केला.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना आमच्यापैकी कुणालाच नव्हती. पुढच्या हंगामात सांगलीहून माणसं यायला लागली, काकूंनी सांगितलंय म्हणून. त्यांच्या ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची. काकूंनी त्यांना आमच्या हॉटेलबद्दल सगळं नीट सांगितलेलं असायचं. पाणी मचूळ आहे, उशी घरून न्या, सुरमई सांगून ठेवा. आणि सुनेचं पहिलं बाळ गेलंय, मुलगा होता, तिला काही बोलू नका. येणाऱ्या बायका सामान ठेवायच्या आधी माझ्याकडे बघायच्या. मी कोण ते त्यांना सांगावं लागायचं नाही. कुणी माझी ओटी भरायची. कुणी मिरजेच्या डॉक्टरचं नाव सांगायची, कुणी गुरुवारचे उपास. माझ्या ट्रंकेत खणांचा ढीग झाला. त्यांतला एकही मी शिवला नाही.

मला हे आवडायचं का? नाही. राग यायचा का? तोही यायचा नाही. आमच्या हॉटेलबद्दल सांगण्यासारख्या ज्या गोष्टी होत्या, स्वच्छ संडास, ताजी मासळी, त्यांत माझा मुलगा जाऊन बसला होता. त्याला दुसरी जागा नव्हतीच.

एकदा कालवांचे शिंपले फोडताना मी सासूबाईंना विचारलं, त्या दिवशी तुम्ही खळ्यात जाऊन का सांगितलंत. त्यांनी वर न बघता कालव दगडावर आपटलं.

"तुझ्यासाठी नाय सांगलंय मी. ज्या घरात जेवूचा, त्या घरातल्या माणसाक नावां ठेवची नसतत. तेंका समजाक व्हया होता."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझो पयलो पण गेल्लो. माका कोणी काय इचारूक नाय." आणि पुढचं कालव उचललं. हे मला लग्नाला चार वर्षं होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. त्याला माहीत नसावं.

चव केव्हातरी परत आली. कधी ते मला सांगता येणार नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की टोपात पळी घालायला सासूबाई आता उठत नाहीत. पुढे मला मुलगी झाली. ती झाली त्या दिवशीही मी रडले नाही, पण तिला पहिल्यांदा पाजताना दूध दाटून छाती दुखली आणि ते दुखणं माझंच होतं, शेजारच्या खोलीतल्या कुणाचं नव्हतं. ती रांगायला लागली, खळ्यात पाहुण्यांच्या चपला गोळा करायला लागली. खोल्यांना टाईल्स बसल्या. नळाला गोडं पाणी आलं. नवऱ्याचं बोलणं पूर्वीसारखं कमी झालं.

दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराला एका पाहुण्याने नवऱ्याला सांगितलं की तुमच्या हॉटेलबद्दल नेटवर पुष्कळ लिहिलेलं आहे, आम्ही तेच वाचून आलो. नवऱ्याला उत्सुकता वाटली. आम्ही दोघं बल्ब आणि चादरी आणायला मालवणच्या बाजारात गेलो होतो, तेव्हा तो मला सायबर कॅफेत घेऊन गेला. मी अशा ठिकाणी पहिल्यांदाच जात होते. लाकडी खोक्यांसारखे कप्पे होते आणि एका कप्प्यात एकच खुर्ची. ती नवऱ्याने मला दिली. कॅफेवाल्याने मागून हात घालून पान उघडून दिलं.

बरंचसं इंग्रजीत होतं. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, वाचायला वेळ लागला, पण समजलं. कुणी लिहिलं होतं, स्वस्त आणि मस्त. कुणी लिहिलं होतं, फोटोत दिसतात तेवढ्या खोल्या मोठ्या नाहीत. म्हाताऱ्या आजी कडक आहेत, त्यांच्याशी घासाघीस करू नका. आणि मग एकाने लिहिलं होतं: मालकीणबाई हसत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांचा पहिला मुलगा जन्मतःच गेला आहे.

त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं की आम्ही गेल्या महिन्यात गेलो होतो, बाई चांगल्या हसत होत्या, मुलीबरोबर खेळत होत्या, काही दुःखबिःख दिसलं नाही. तिसऱ्याने लिहिलं होतं, लोकांची सहानुभूती मिळावी म्हणून असं सांगतात, कोकणात सगळीकडे हेच चालतं. चौथ्याने त्याला झापलं होतं. मी स्वतः चार दिवस राहिलो आहे, तो म्हणत होता, ते कुटुंब तसं नाही. पुढे पाचव्याने गिझर बंद असल्याचं लिहिलं होतं आणि विषय गिझरवर गेला होता.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. खळ्यातल्या खुर्च्या गोल करून बसलेली माणसं मला दिसत होती, फक्त आता ती एकमेकांना ओळखत नव्हती आणि संपल्यावर उठून जेवायला येणार नव्हती.

नवरा माझ्या मागे उभा होता. त्याला इंग्रजी माझ्याहून बरं येतं. त्याचं वाचून कधीच झालं होतं. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. त्याने कॅफेवाल्याला बोलावलं.

"ह्यां पुसून टाकूक येता?" त्याने विचारलं.

कॅफेवाला म्हणाला की ते त्याच्या हातात नाही. पण त्या वेबसाइटवाल्यांना कळवलं तर ते काढतात कधीकधी, तुम्ही सांगा, मी लिहून देतो. नवरा हो म्हणायच्या बेतात होता.

"रवांदे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "कित्याक?"

कॅफेवाला उभाच होता. तो जरा बाजूला गेला तेव्हा मी म्हटलं, "तेचा दुसरीकडे खंयच काय लिवलेला नाय."

त्याला नाव ठेवलं नव्हतं. त्याचा फोटो नव्हता. कुठल्या झाडाखाली आहे ते मला माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल कधी एक अक्षर बोललो नव्हतो. त्या कप्प्यात, लोक पलीकडे पत्ते खेळल्यासारखे माऊस टिकटिकवत असताना, त्याने खाली वाकून मला सांगितलं. माझ्या माहेरच्या घरामागे, बांधाच्या पलीकडे, उंडलीच्या झाडाजवळ. बाबांनी खड्डा खणला, त्याला स्वतःला खणवलं नाही. मी हं म्हटलं. उंडलीचं झाड मला माहीत होतं. लहानपणी आम्ही तिथे बिया वेचायला जायचो. दर मे महिन्यात माहेरी गेल्यावर मी त्याच्या बाजूने येत-जात होते.

मला तेव्हाही रडू आलं नाही. नवऱ्याला आलं. तो रुमाल शोधत होता, सापडला नाही, म्हणून त्याने नव्या चादरींच्या पिशवीत तोंड घातलं. कॅफेवाल्याने आमच्याकडे न बघता पंखा वाढवला.

आम्ही घरी आलो तेव्हा सासूबाई खळ्यात बसून मुलीला वेणी घालत होत्या. मी चादरी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उलगडून हात फिरवून बघितली.

"काय लिवल्यानी?" त्यांनी विचारलं.

"तुमी कडक आसात म्हणान लिवलेला आसा."

त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी वेणीची गाठ मारली, मुलीला सोडलं.

"आणि?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. आधी खोल्यांचं सांगितलं, मग मासळीचं, मग त्या गिझरचं. मग त्याचं सांगितलं. सांगताना मी झील म्हटलं.